गावाची वेस आणि अपंगाचे घर

वाशीमच्या पद्मतीर्थाविषयी एक जुनी आख्यायिका सांगतात. वासुकी नावाचा या नगरीचा राजा महारोगाने पीडलेला होता. गावाबाहेरच्या एका डोहात त्याने स्नान केले आणि त्याची काया निर्मळ झाली. मग राजाने त्या डोहाचे मोठे तळे करविले. आपल्याच जिल्ह्यातील कारंज्याला जन्मलेल्या श्रीनृसिंह सरस्वतींची महती सांगणाऱ्या गुरुचरित्रातही कुष्ठरोगी भक्त बरा झाल्याची कथा आहे. अशा कथा आपण देवळात ऐकतो, पारायणात ऐकतो, आणि शेवट गोड झाला म्हणून समाधानाने घरी जातो.

परंतु श्रोतेहो, इतिहास वाचणाऱ्याला येथे दोन प्रश्न पडतात. पहिला असा की, जो बरा झाला नाही त्याचे पुढे काय झाले? दुसरा असा की, ज्याला पाणवठ्याला शिवण्याचीच बंदी होती त्याने स्नान कोठे करावे? राजा बरा झाला आणि राजवाड्यात परत गेला. पण जो राजा नव्हता, जो जन्माचा आंधळा, पांगळा किंवा मुका होता, आणि ज्याचे घर मुळातच गावकुसाबाहेर होते, त्याची कथा कोणी लिहिली नाही. ती आज थोडक्यात सांगावयाची आहे. आजच्या सरकारी मराठीत 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मागच्या काळाविषयी बोलताना मी त्या काळचा 'अपंग' हाच शब्द वापरणार आहे.

आपल्या वऱ्हाडातील जुन्या गावाची रचना डोळ्यांपुढे आणा. मध्यभागी देऊळ आणि पाटलाचा वाडा, भोवती आळ्या, मग वेस. वेशीबाहेर अस्पृश्य मानलेल्या लोकांचे वाडे, त्याहून लांब पारध्यांचा बेडा, माळावर कोठेतरी बंजाऱ्यांचा तांडा. माणसाची जात आणि त्याच्या घराचे वेशीपासूनचे अंतर यांचा असा मेळ घातलेला होता. आता या चित्रात महारोगी कोठे बसतो ते पाहा. तो वाड्याच्याही पलीकडे, ओढ्याकाठच्या झोपडीत. म्हणजे सवर्ण महारोगी गावातून बाहेर निघे, आणि वाड्यातला महारोगी बाहेरच्याही बाहेर निघे. एकाला एक वेस ओलांडावी लागे, दुसऱ्याला दोन.

या दोन्ही वेशींना आधार एकाच समजुतीचा होता. 'मागल्या जन्मीचं पाप' हे उत्तर अस्पृश्यतेसाठी दिले जाई आणि आंधळेपणासाठीही दिले जाई. या उत्तराची सोय मोठी होती. दोष ज्याचा त्याच्याच पदरात पडे, आणि गावाला काही करावे लागत नसे. समजूत केवळ तोंडी राहिली नव्हती, ती वारसाहक्कात उतरली होती. मनुस्मृतीने जन्मांध, बहिरा, मुका, वेडा यांना वडिलोपार्जित वाटणीतून वगळले आणि त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावे असे सांगितले. इंग्रजी अमलातील न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून ही वगळणूक बऱ्याच अंशी चालू ठेवली. १९२८ साली एक कायदा होऊन तिचा मोठा भाग दूर झाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मात्र साफ सांगितले की, रोग किंवा व्यंग यांमुळे कोणाचाही वारसा बुडणार नाही. म्हणजे आपल्यातील वयोवृद्ध मंडळींच्या हयातीतच ही गोष्ट घडली आहे.

तथापि त्या काळचा अपंग माणूस निव्वळ बसून खात होता असे समजू नका. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' ही म्हण आपण उगाच दुसऱ्याची फजिती सांगायला वापरतो. तिच्याकडे नीट पाहिले तर ती एक साक्ष देते: आंधळी बाई जात्यावर बसून दळत होती! दोर वळणे, सूत कातणे, रेच्यावर सरकी काढणे, शेतात माळ्यावर बसून पाखरे राखणे, अशी कितीतरी कामे एका जागी बसून होत असत. मोबदला अपुरा असेल, पण घराच्या कामात त्या माणसाचा हात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात आगगाडी आली, कापूस विलायतेला जाऊ लागला, ठिकठिकाणी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांच्या खांद्यावरचे मोठे कष्ट कमी झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण जाते थांबले तेव्हा दळणाऱ्या आंधळीला दुसरे काम कोणते, हे कोणी विचारले नाही. जमीनवाल्या घरात तिला कोपरा तरी राहिला. ज्या घरात रोज मजुरी करून रोज चूल पेटत होती, तेथे न कमावणारे एक तोंड फार जड होऊ लागले. मग उरला रस्ता, देवळाची पायरी आणि भीक.

आणि भीक मागायला बसला की कायदा आडवा येई. इंग्रज सरकारने १८७१ साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. त्यानंतर १८९८ मध्ये महारोग्यांसंबंधी कायदा केला. त्यात एक शब्दप्रयोग होता तो ध्यानात घेण्याजोगा आहे. उघड्यावर भीक मागणारा किंवा चरितार्थाचे साधन नसलेला जो 'निर्धन महारोगी', त्याला पोलिसाने वॉरंटावाचून पकडावे अशी तरतूद होती. श्रीमंत महारोग्याला ती लागू नव्हती. रोग एकच, पण पकडायचा तो गरिबाला! सरकारने ठरविलेल्या भागात महारोग्याने खाण्याचे पदार्थ विकू नयेत, भाड्याच्या गाडीत बसू नये, स्थानिक नियमाने मना केलेल्या विहिरीवर वा तळ्यावर पाणी भरू नये, असेही हुकूम काढता येत होते. पाणवठ्याची बंदी आपल्याला ओळखीची वाटली ना? महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी बंदी मोडली, तिचीच ही दुसरी बाजू. १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला. १८९८ चा कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून जायला २०१६ साल उजाडावे लागले.

स्वराज्यातही ही नजर एकदम बदलली नाही. मुंबई राज्याने १९५९ मध्ये भिकेला प्रतिबंध करणारा कायदा केला. भिकेसाठी जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखविणे हेही त्याच्या व्याख्येत बसविले होते. बिनहाताचा माणूस बाजारात बसला, तर त्याला काम का मिळाले नाही हा प्रश्न बाजूला राही आणि त्याला पकडून कोठे ठेवायचे एवढाच प्रश्न उरे.

श्रोतेहो, याच काळात आपल्या विदर्भाने माणुसकीचीही मोठी परंपरा उभी केली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावला १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले गाडगे महाराज ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीला बसवून जेवू घालीत. त्याच महाराजांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य वारकऱ्याला तेथे पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. पंगत आणि निवारा, दोन्ही वेशी या एका खराटेवाल्या माणसाने एकाच वेळी पाहिल्या होत्या.

मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांची सेवा सुरू केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारले. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती काढली, आणि १९५१ साली आनंदवनाचे काम सुरू झाले. प्रारंभी आनंदवनाचा भाजीपाला लोक विकत घेईनात. पुढे तेथे १९६४ साली महाविद्यालय निघाले आणि आसपासच्या गावांची पोरे महारोग्यांच्या वसाहतीत शिकायला जाऊ लागली. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्यांनी गावालाच आपल्याकडे यायला लावले.

ही कामे थोर आहेत. त्यांच्यापुढे हात जोडूनही एक गोष्ट म्हटली पाहिजे. ही सारी घरे गावाबाहेर आहेत. ज्याला हक्काचे घर होते त्याला नवे घर द्यावे लागले, कारण जुन्या घराने दार लावून घेतले. १९८२ पासून महारोगावर अनेक औषधांचा एकत्र उपचार जगभर सुरू झाला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि गोळ्या फुकट मिळतात. २००५ च्या अखेरीस आपल्या देशातील प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. नवे रोगी अजून सापडतात, पण भिण्याचे कारण उरलेले नाही. तरीही बरा झालेला माणूस घरी परतेलच असे नाही. जंतू गेले, पण झडलेली बोटे परत येत नाहीत, आणि गाव रोगाकडे पाहत नाही, बोटांकडे पाहते. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहकायद्यांत होते. ते काढून टाकायला २०१९ साल लागले. औषध निघाल्यावर सदतीस वर्षांनी!

म्हणजे आपल्या इतिहासात एक अट सतत दिसते: आधी बरे व्हा, मग गावात या. आख्यायिकेतील राजाने ती पुरी केली. बहुतेकांना ती कधीच पुरी करता येणार नाही, कारण पांगळेपणाला किंवा जन्मजात बहिरेपणाला तीर्थ नाही. ही अटच चुकीची आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे. सेवाग्रामला महारोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या. बरे होऊन या, असे ते म्हणाले नाहीत. आधी घर दिले, मग शुश्रूषा केली. गावानेही क्रम असाच लावायला हवा.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. दलित पँथर हे नाव आपण ऐकले आहे. १९७२ साली मुंबईत निघालेल्या या संघटनेने ते अमेरिकेतील काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. त्या अमेरिकेत १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरी शंभरावर अपंग स्त्रीपुरुषांनी सरकारी कचेरीत ठाण मांडले. अपंगांना भेदभावाने वगळू नये असा नियम कायद्यात होता, पण तो अमलात येत नव्हता. ब्रॅड लोमॅक्स हा चाकाच्या खुर्चीतला काळा तरुण त्यांत होता, आणि तो पँथरही होता. त्याच्या संघटनेने आंदोलकांना रोज ताजे जेवण पोचविले. जवळजवळ महिनाभर लोक हटले नाहीत, आणि सरकारला नियमांवर सही करावी लागली. रंगावरून ज्यांना बाजूला काढले होते त्यांना शरीरावरून बाजूला काढण्याचा अर्थ ताबडतोब कळला होता.

पुढे जॉर्जिया राज्यात लोइस कर्टिस नावाची काळी स्त्री होती. तिच्या बुद्धीची वाढ कमी होती आणि मनाचा आजारही होता. ही बाई योग्य मदतीने वस्तीत राहू शकते असे डॉक्टर सांगत होते, तरी तिला वर्षानुवर्षे संस्थेतच राहावे लागले. तिचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने म्हटले की, कारण नसताना माणसाला असे संस्थेत अलग ठेवणे हाच भेदभाव होय. लोइस नंतर वस्तीत राहिली आणि चित्रे काढून नावारूपाला आली.

आपला कायदाही आज याच वाटेवर आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले. त्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुक एका ठिकाणीच राहा अशी सक्ती दिव्यांग माणसावर होऊ नये आणि घरी राहण्यासाठी लागणारी मदत त्याला मिळावी, असे ते कलम म्हणते. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचे वेगळे खाते काढले. कागदावर वेस पडली आहे. पण आपल्या जिल्ह्यातील तांड्यावर, बेड्यावर आणि वाड्यात ती खरोखर पडली का?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसे मोजली गेली. त्यांतील दर दहांपैकी जवळजवळ सात खेड्यांत राहतात. सर्व लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण शेकडा २.२१ होते, अनुसूचित जातींत ते २.४५ होते. फरक लहान दिसतो, पण त्यामागे कारणे आहेत. अंगमेहनतीचे आणि धोक्याचे काम कोणाच्या वाट्याला येते? सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात पेंढी सारणारा हात बहुधा मजुराचा असतो. अपघात झालाच, तर शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह योजना आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातील एका माणसाला. ज्याच्या बापजाद्यांना जमीन मिळाली नाही, त्याच्या तुटलेल्या हाताला सातबारा कोठून आणायचा?

सिकलसेलचे पाहा. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात तो आदिवासी व काही दलित समाजांत अधिक आढळतो. वरून माणूस धडधाकट दिसतो, पण सांधे आणि हाडे अशी ठणकतात की उठवत नाही. अशा माणसाला 'कामचुकार' म्हणणे सोपे असते. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वात जागा दिली. गावाने मात्र त्याच्या दुखण्याला अजून पुरते नाव दिलेले नाही.

आता तांड्याकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बाहेर पडतात. तेथे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्याला 'अर्धा कोयता'. हिशेबच कोयत्याचा, तेव्हा ज्याला कोयता धरता येत नाही तो हिशेबात येत नाही. तो म्हाताऱ्या आजीबरोबर मागे राहतो, नाहीतर फडावर पालाच्या झोपडीत दिवसभर पडून राहतो. इकडे संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, पण तिच्यासाठी प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात जावे लागते. पांगळ्या माणसाला तांड्यावरून एस.टी.च्या फाट्यापर्यंत पाठीवर न्यावे लागते, आणि नेणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. डॉक्टर नसले तर पुन्हा दुसरा दिवस. अपंगत्व असे पायात थोडे असते, आणि वाटेत पुष्कळ असते.

ज्यांना घरच नाही त्यांचा प्रश्न आणखी बिकट. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना आपले नाव दिले, शिकविले, कित्येकांची लग्ने लावून दिली. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. बालगृहाचा कायदा मुलाला अठरा वर्षांपर्यंत सांभाळतो. परंतु टाकून दिलेले मतिमंद मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे त्याने जावे कोठे? शंकरबाबा वर्षानुवर्षे हाच प्रश्न सरकारला विचारीत आले आहेत. माझ्या मते त्याचे अर्धे उत्तर सरकारने द्यावयाचे आहे आणि अर्धे गावाने.

गावाचे उत्तर फार खर्चाचे नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा: हे पैसे किती झाले, आणि कोठे गेले? वाड्यातल्या, तांड्यावरच्या माणसाचे नाव यादीत आहे का? ग्रामसभा भरते त्या चावडीला उतार आहे का, की ज्याच्यासाठी पैसा आहे तोच पायरीखाली बसून आहे? रुग्णालयात शिबिर असेल त्या दिवशी गावातल्या चौघांना एका गाडीतून नेता येणार नाही का?

शिक्षक मित्रहो, तुमच्याकडे तर त्याहून मोठी सत्ता आहे. गावात पोराला 'लंगड्या', 'बहिऱ्या', 'चकण्या' म्हणतात, आणि मूल ते नाव घेऊनच शाळेत येते. हजेरीच्या वेळी त्याला त्याच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारा, आणि वर्गातल्या मुलांनीही तसेच म्हणावे असे पाहा. कमी ऐकू येणारे मूल पहिल्या बाकावर बसवा. कुटुंब ऊसतोडीला निघाले तर चालू न शकणाऱ्या मुलाला कोणाच्या घरी ठेवता येईल, हे निघण्याच्या आधी विचारा. तुमच्या शाळेत येण्याच्या वयाचे एखादे मूल घरात कोंडलेले असेल. गावात ते सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. त्या घरी एकदा जाऊन या.

अनेक शतके आपण अपंगाला म्हणत आलो, तू बदल, मग तुला जागा देऊ. त्याला बदलणे आपल्या हाती नाही. चावडीची पायरी, शाळेचे दार, पाणवठ्याचा चिखल आणि जिभेवरचे शब्द हे मात्र सारे आपल्या हातचे आहे. ते पावसाळ्यापूर्वी होण्याजोगे काम आहे.